गिऱ्हाईक म्हणतंय कपॅसिटी वाढवा. मशीन घ्यावं की थांबावं?

रबाळेचा_गाळा | ३ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथे कारखान्यांतले बरेच जण आहेत म्हणून विचारतो.

नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. वडिलांनी काढलं, आता मी आणि चुलतभाऊ बघतो. सहा सीएनसी लेथ (कॉम्प्युटरवर चालणारे), तीन व्हीएमसी (धातू कापणारी, भोकं पाडणारी कॉम्प्युटरवरची मशीन), दोन शिफ्ट. गाड्यांचे दोन भाग करतो, एक स्टीअरिंगचा फ्लँज आणि दुसरं ऑइल पंपाचं कव्हर. मिळून महिन्याला ४२ हजार नग. फ्लँजचं हार्डनिंग (भट्टीत तापवून कडक करणं) बाहेर, पावणे गावाला. ऐंशी टक्के धंदा एकाच गिऱ्हाइकावर आहे (माहितीये, माहितीये).

गेल्या आठवड्यात त्यांच्या परचेसवाल्यांनी बोलावलं. एसीत बसवून स्लाइड दाखवल्या. पुढच्या एप्रिलपासून ६० हजार, तिसऱ्या वर्षी ७५ हजार. "कपॅसिटी दाखवा, नाहीतर आम्हाला दुसरा सोर्स उभा करावा लागेल." लेखी काही दिलेलं नाही. विचारलं तर म्हणाले, फोरकास्ट आहे ना मेलवर.

दोन व्हीएमसीचं कोटेशन आलंय, डिलिव्हरी पाच महिने. भाऊ म्हणतो घेऊन टाकू, अशी संधी परत येत नाही. बँकवाला तर भावाच्याही पुढे आहे. मला झोप नाही. तुम्ही लोक पाच-पाच वर्षांचं नियोजन कसं करता? की सगळेच अंदाजपंचे?

---

फुकटचा_सल्लागार | ३ जून, रात्री १०:५५

अंदाजपंचेच. फक्त मोठ्या कंपन्यांत त्याला स्ट्रॅटेजी म्हणतात आणि वर बिस्किटं मिळतात.

---

उद्योगी_माणूस | ३ जून, रात्री ११:१५

घ्या. सरळ घ्या. मागणी आल्यावर मशीन मागवलं तर पाच महिने डिलिव्हरी, दोन महिने ट्रायल आणि गिऱ्हाइकाचं अ‍ॅप्रूव्हल. तोवर दुसरा सोर्स जेवून हात धुऊन मोकळा. २०२१ला आम्ही थांबलो, शेजारच्या गाळ्याने मशीन घेतलं. आज आमचा जुना जॉब त्याच्याकडे चालतो आणि दिवाळीला तो आम्हाला मिठाई पाठवतो.

---

रोड_नंबर_२२ | ४ जून, सकाळी ६:२०

उद्योगीराव, तुमचं बरोबर असेल, पण मी दुसरी बाजू पाहिलेली आहे.

माझी सगळी नोकरी वागळे इस्टेटमध्ये गेली. एमआयडीसी १९६२ला निघाली आणि तिची पहिली वसाहत ही आमची वागळे. आज तिथे काचेच्या इमारती आणि कॉफीची दुकानं दिसतात. आमच्या वेळी सकाळी सातला भोंगे झाले की किसननगरच्या बाजूने माणसांचा लोंढा यायचा.

नव्वदीच्या दशकात आमच्या शेठना एका मोठ्या गिऱ्हाइकाने असंच सांगितलं होतं. दुप्पट माल लागेल, तयारी ठेवा. शेठ मोठ्या मनाचे. तीन प्रेस आणले, शेजारचा गाळा भाड्याने घेतला, मशीनला हार घालून पेढे वाटले. पहिलं वर्ष झकास. दुसऱ्या वर्षी गाड्यांचा खप बसला आणि शेड्यूल निम्म्यावर आलं. हप्ता काही निम्मा होत नाही. तिसरा प्रेस आम्ही ताडपत्री घालून ठेवला होता, उंदरांनी त्याच्या वायरी खाल्ल्या. शेवटी तो भंगाराच्या भावात गेला. त्या दिवशी शेठ कामावर आलेच नाहीत.

ज्या साहेबांनी "तयारी ठेवा" म्हटलं होतं त्यांची तोवर बदली झालेली. हे लक्षात ठेवा. पाच वर्षांचा अंदाज देणारा माणूस त्या खुर्चीत पाच वर्षं नसतो.

---

फुकटचा_सल्लागार | ४ जून, सकाळी ९:०५

काका, शेवटचं वाक्य फ्रेम करून परचेसच्या दारावर लावायला हवं.

---

महापे_प्लॅनर | ४ जून, दुपारी १:३०

रबाळेचा_गाळा, मी चौदा वर्षं प्लॅनिंगमध्ये आहे. घ्या की थांबा हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. आधी हिशेब करू. मोठ्या कंपनीतही पहिला हिशेब असाच ढोबळ असतो, त्याला रफ-कट म्हणतात, आणि तो एका कागदावर मावतो.

व्हीएमसीवर एका नगाला किती वेळ लागतो ते तुम्ही लिहिलेलं नाही. दोन्ही भागांची सरासरी लोडिंग-अनलोडिंगसकट ७० सेकंद धरते, चुकलं तर सांगा. शिफ्टमध्ये जेवण-चहा वजा जाता ७ तास, महिन्याचे २६ दिवस. तीन मशीन, दोन शिफ्ट: ३ × १४ × २६ = १०९२ तास. त्यात कागदावर ५६ हजार नग निघतात. तुम्ही काढताय ४२ हजार. म्हणजे ७५ टक्के. उरलेले पंचवीस टक्के सेटिंग (एका भागावरून दुसऱ्यावर जाताना मशीन लावणं), टूल बदलणं, ऑपरेटर गैरहजर, रिजेक्शन यांत जातात. लाज वाटण्यासारखा आकडा नाही, पण जागा आहे.

आता तिसरी शिफ्ट लावा. ३ × २१ × २६ = १६३८ तास. तेच ७५ टक्के धरले तरी ६३ हजार नग. म्हणजे एप्रिलचे ६० हजार एकही मशीन न घेता निघतात. ७५ हजारांना साधारण १९४५ तास लागतील, तीन शिफ्टमध्ये एक मशीन ५४६ तास देतं, म्हणजे साडेतीनच्या थोडं वर. चौथं मशीन लागेल, पण तिसऱ्या वर्षी. दोन नाही, एक. आणि आज नाही.

हाच हिशेब लेथचा, हार्डनिंगचा, तपासणीचा, कंप्रेसरचा, माणसांचा करा. ज्या ओळीत आकडा सगळ्यात लहान येईल तेवढीच तुमच्या कारखान्याची कपॅसिटी. मला शंका आहे ती ओळ व्हीएमसीची नसणार. मशीनवाल्याच्या कोटेशनमध्ये ती ओळ दिसत नसते.

---

रबाळेचा_गाळा | ४ जून, दुपारी १:५२

ताई, ७० कुठून काढलंत? आमचं फ्लँज ७४ आणि कव्हर ६१ आहे. सरासरी ७०च्या आसपासच येते!

---

महापे_प्लॅनर | ४ जून, दुपारी २:१०

४२ हजारांवरून उलटा हिशेब केला. तीन-चतुर्थांशाच्या आसपास बहुतेक शॉप सापडतात.

---

रांगेतला_इंजिनिअर | ४ जून, संध्याकाळी ७:४०

ताईंचा हिशेब चोख आहे, पण एक धोका. ६३ हजारांच्या ताकदीत ६० हजार म्हणजे ९५ टक्के लोड. कागदावर बसतं, शॉपवर बसत नाही. काम कधीही येतंय, वेळ कमीजास्त लागतोय असं धरलं तर मशीनपुढची सरासरी वाट म्हणजे लोड भागिले उरलेली मोकळीक. ८० टक्क्यांना एका नगाच्या वेळेच्या ४ पट, ९० टक्क्यांना ९ पट, ९५ टक्क्यांना १९ पट. म्हणजे ऐंशीवरून पंचाण्णववर जाताना काम पाचवा हिस्सादेखील वाढलं नाही, आणि रांग जवळपास पाचपट. ठाण्याच्या कॅडबरी जंक्शनला संध्याकाळी उभे राहा, कळेल.

---

महापे_प्लॅनर | ४ जून, रात्री ९:१५

ते सूत्र काम वेडंवाकडं येतं तिथलं आहे. यांचे दोनच भाग, रोजचं ठरलेलं शेड्यूल. चढउतार कमी असला की रांगही कमी. तरी तुमचा मुद्दा मान्य, ९५वर कायमचं राहायचं नाही. पण म्हणून आधी ७५चे ८२ करा. सेटिंगचा वेळ निम्मा करणं व्हीएमसीपेक्षा स्वस्त पडतं.

---

तळोजा_रिअ‍ॅक्टर | ४ जून, रात्री १०:३०

आमच्या केमिकलवाल्यांचं दुखणं ऐका. तुम्ही तिसरी शिफ्ट लावून मोकळे. आमच्याकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कन्सेंटमध्ये (परवानगीत) लिहिलेलं असतं, कुठला माल महिन्याला किती टन आणि सांडपाणी दिवसाला किती घनमीटर. रिअ‍ॅक्टर रिकामा असला तरी त्याच्या वर जाता येत नाही. वाढवायचं तर नवीन अर्ज, कधीकधी पर्यावरण मंजुरी. आमचं पाच वर्षांचं नियोजन म्हणजे अर्ध्याहून जास्त कागदांचं नियोजन. मशीन सहा महिन्यांत येतं, कागद येतो तेव्हा येतो.

---

घणसोलीची_सून | ४ जून, रात्री १०:४४

आणि पाणी? एमआयडीसीचं पाणी दुरुस्तीसाठी बंद झालं की आमच्या सोसायटीत बादल्यांची रांग. कारखान्यांनी तिसरी शिफ्ट लावली तर आमचं काय होणार?

---

तळोजा_रिअ‍ॅक्टर | ४ जून, रात्री १०:५०

ताई, यांच्या मशीन शॉपला पाणी लागतं चहापुरतं आणि कूलंटपुरतं. तुमच्या बादल्या सुरक्षित आहेत.

---

वायरमन_ऐरोली | ५ जून, सकाळी ८:१०

पाण्यापेक्षा विजेचं बघा. व्हीएमसी आलं की त्याच्याबरोबर कंप्रेसरचा लोड आला, चिलर आला. कॉन्ट्रॅक्ट डिमांडच्या (वीज कंपनीशी ठरलेल्या भाराच्या) वर गेलात तर वरच्या केव्हीएला डिमांड चार्ज दीडपट लागतो. भार वाढवून घ्यायचा अर्ज मशीनच्या ऑर्डरबरोबरच करा, मशीन आल्यावर नाही. ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात आता डेटा सेंटर उभी आहेत, त्यांची भूक तुमच्या-आमच्यासारखी नाही. तुमच्या फीडरवर (तुमच्या भागाच्या वीजवाहिनीवर) जागा आहे का ते महावितरणमध्ये आधी विचारा. एका ओळखीच्यांचं मशीन दोन महिने लाकडी पेटीत होतं, ट्रान्सफॉर्मरपायी.

---

फुकटचा_सल्लागार | ५ जून, सकाळी ८:३०

म्हणजे मशीनला झोप, मालकाला नाही.

---

सीए_पाचपाखाडी | ५ जून, सकाळी ११:००

सगळे मशीनवर बोलताय, पैशांच्या कपॅसिटीवर कोणीच नाही. रबाळेचा_गाळा, तुमचा एक नग मटेरियलसकट किती रुपयांना जातो? समजा ८५. महिन्याला १८ हजार नग वाढले म्हणजे १५ लाख ३० हजारांचं जास्तीचं बिल. पेमेंट ९० दिवसांनी येत असेल तर साधारण ४६ लाख रुपये कायमचे त्यांच्याकडे अडकले. धातूचे बार, टूल, पगार मात्र आधी. एका व्हीएमसीचे पैसे असे न दिसता जातात, आणि त्यावर घसाराही मिळत नाही.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंद) आहे ना? सूक्ष्म आणि लघु उद्योगाला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे हा २००६चा कायदा आहे. २०२३-२४पासून आयकरातही ते बसवलंय, वेळेत दिलं नाही तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. मशीन घ्यायच्या आधी यावर बोला.

---

उद्योगी_माणूस | ५ जून, सकाळी ११:२०

४५ दिवसांचा कायदा दाखवा आणि मग बघा पुढच्या महिन्याचं शेड्यूल किती येतं ते :)

---

सीए_पाचपाखाडी | ५ जून, सकाळी ११:२५

खरं आहे. म्हणून दाखवायचा नसतो, बोलण्यात आणायचा असतो.

---

महापे_प्लॅनर | ५ जून, दुपारी १:१५

सॉफ्टवेअरबद्दल कोणी विचारायच्या आत सांगून टाकते. १९६४मध्ये आयबीएमच्या जोसेफ ऑर्लिकींनी एमआरपी उभी केली तेव्हा तिचं काम होतं कुठला माल केव्हा लागेल ते सांगणं. मशीनला तेवढा वेळ आहे का, हे ती बघत नाही. आजही ईआरपीमध्ये (कंपनीचं सगळं काम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) कपॅसिटीचा भाग चालू केला नाही, रूटिंगमधले (कुठलं काम कुठल्या मशीनवर किती वेळ, त्या यादीतले) वेळ खरे भरले नाहीत, तर एका व्हीएमसीवर दिवसाचे चाळीस तास खुशाल लावून देतं. आमच्याकडे एका ऑपरेशनला शून्य मिनिटं भरलेली होती. दोन वर्षं ते मशीन सिस्टिममध्ये कायम रिकामं आणि प्रत्यक्षात कायम तुंबलेलं.

आणि क्षितिज किती ठेवायचं? सगळ्यात उशिरा मिळणाऱ्या गोष्टीच्या पलीकडे. मशीन पाच महिने, वीज चार-सहा महिने, चांगला सेटर तयार व्हायला वर्ष. मग तुमचं नियोजन कमीत कमी दीड वर्षाचं हवं आणि दर महिन्याला एक महिना पुढे सरकायला हवं. पाच वर्षांच्या आकड्यावर मशीन घ्यायचं नसतं. त्यावर जागा आणि वीज बघायची असते.

---

दिवा_फास्ट | ५ जून, रात्री ११:५०

तिसऱ्या शिफ्टवर सगळे इतक्या सहज बोलताय. मी ऑपरेटर आहे, आत्ता सेकंड शिफ्ट करून घरी आलोय. नाईटला माणूस येतो कसा आणि जातो कसा, हे तुमच्या कागदात कुठल्या ओळीत आहे? दिघा गाव स्टेशन २०२४ला झालं, थोडं बरं पडतं. पण शिफ्ट साडेअकराला सुटली आणि गाडी चुकली तर ठाणे स्टेशनच्या बाकड्यावर. पहाटे तीनला माणसाचा हात दुपारी तीनसारखा चालत नाही. नाईटचं रिजेक्शन वेगळं मोजा, मग ७५ टक्के धरा.

ओव्हरटाइमवर भागवू म्हणाल तर तो दुप्पट दराने द्यावा लागतो. आणि महिनाभर रोज बारा तास केलेला माणूस दुसऱ्या महिन्यात गावाला जातो. परत येतो गणपतीनंतर.

---

महापे_प्लॅनर | ६ जून, सकाळी ९:००

दिवा_फास्ट, तुमचं शंभर टक्के मान्य. नाईटला मी ६५ धरायला हवं होतं. तसं केलं तर ६३ हजारांचे ६० हजार होतात. म्हणजे जेमतेम.

---

रांगेतला_इंजिनिअर | ६ जून, सकाळी ९:०४

:) मी काही बोललो नाही.

---

बीएस_सहा | ६ जून, दुपारी ४:२०

एक बेसिक प्रश्न. ऑइल पंपाचं कव्हर इंजिनात बसतं ना? इलेक्ट्रिक गाडीला इंजिन ऑइलच नाही. तिसऱ्या वर्षाच्या ७५ हजारांत कव्हर किती आणि फ्लँज किती? स्टीअरिंग राहणार आहे, गाडी कशावरही चालो.

१ एप्रिल २०२०ला गाड्यांच्या धुराचे बीएस-४ नियम बंद होऊन बीएस-६ आले. त्याच्या आधीच्या वर्षी सगळे म्हणत होते, तारखेआधी खरेदीची झुंबड उडणार. झालं उलटंच, २०१९ला बाजार बसला, मग मार्च २०२०ला लॉकडाउन, मग २०२१ला चिप नाहीत म्हणून गाड्या अर्धवट उभ्या. ओळीने तीन वर्षं, तीन वेगळी कारणं. २०१८ला केलेला कुठलाही पाच वर्षांचा प्लॅन काढून बघा, करमणूक होईल.

---

उद्योगी_माणूस | ६ जून, संध्याकाळी ६:०५

आणि २०१८चा प्लॅन बघून जे घाबरून बसले ते २०२२च्या उठावात कुठे होते? दोन्ही बाजूंनी बोला की राव.

---

रोड_नंबर_२२ | ७ जून, सकाळी ६:१५

उद्योगीरावांचं हे म्हणणं मात्र खरं. आमचे शेठ मशीन घेतल्याने बुडाले नाहीत. मशीनचा सगळा भार एकट्याच्या डोक्यावर घेतला म्हणून बुडाले. गिऱ्हाइकाला सांगा, फिक्स्चर (नग मशीनवर पकडायची चौकट) आणि टूलिंगचे पैसे तुम्ही द्या. सहा महिन्यांचं शेड्यूल पक्कं करा, माल उचलला नाही तर ठरलेली रक्कम द्या. हसतील. हसू द्या. किती हसतात त्यावरून त्यांचा ७५ हजारांवर स्वतःचा किती विश्वास आहे ते कळतं.

---

रबाळेचा_गाळा | २१ जून, रात्री ९:३०

मंडळी, उशीर झाला. पण ताईंनी सांगितल्याप्रमाणे दोन आठवडे वही घेऊन शॉपवर बसलो. भाऊ आधी वैतागला, मग तोच आकडे सांगायला लागला.

व्हीएमसी ७५ नाही, ७१ निघालं. कव्हरवरून फ्लँजवर जायला सेटिंगला तीन तास वीस मिनिटं लागतात, आणि त्यातला तासभर आमचा सेटर जॉ (नग पकडायचे जबडे) शोधत फिरतो. खरंच शोधत फिरतो. एका ड्रॉवरमध्ये, मग दुसऱ्या, मग स्टोअरला. परवा एक पत्र्याची ट्रॉली केली, त्यात फ्लँजचं सगळं एकत्र. कालचं सेटिंग दोन तास दहा मिनिटांत झालं.

पण खरी गोष्ट वेगळीच. ताई, तुमची शंका बरोबर होती. आमचा अडथळा एअर गेज आहे, म्हणजे हवेच्या दाबाने भोकाचं माप बघायचं यंत्र. प्रत्येक नगाचा बोअर (आतलं भोक) १०० टक्के तपासायचा असतो, नगाला २५ सेकंद, आणि गेज एकच. त्यावर बसणारी तयार माणसंही दोनच, एकेक शिफ्टला एकेक. दोन शिफ्टचे ३६४ तास, त्यात फार तर ५२ हजार नग. म्हणजे मी दोन व्हीएमसी आणली असती, हप्ते भरले असते, आणि माल त्या एका टेबलापुढे क्रेटमध्ये रचून ठेवला असता. ते टेबल मी रोज ओलांडून ऑफिसात जातो. पंधरा वर्षं.

दुसऱ्या गेजचं कोटेशन आलंय, दोन लाखांच्या आत. पॅकिंगमधल्या एका मुलाला उद्यापासून गेजवर शिकायला बसवतोय.

हार्डनिंगवाल्यालाही जाऊन भेटलो. त्याची भट्टी आत्ताच भरलेली आहे आणि त्याला आमच्या ६० हजारांची बातमीच नाही. तो म्हणाला, "मला कोण सांगतो? तुम्ही मालाबरोबर चलन पाठवता तेव्हा कळतं." मी गिऱ्हाइकावर चिडलेलो, आणि खाली मी तेच करत होतो.

गिऱ्हाइकाकडे काल गेलो. काका, ते हसले. पण पूर्ण नाही. फिक्स्चरचे पैसे द्यायला तयार आहेत. तीन महिन्यांचं शेड्यूल पक्कं, त्यापुढचे तीन महिने वीस टक्के इकडे-तिकडे, हे मेलवर येतंय. माल न उचलल्यास पैसे या मुद्द्यावर "मॅनेजमेंटला विचारतो". ७५ हजारांची फोड मागितली तर दोघं एकमेकांकडे बघायला लागले. कव्हर वाढतच नाहीये, उलट थोडं कमी आहे. वाढ सगळी फ्लँजची.

व्हीएमसीची ऑर्डर थांबवली. वीजभाराचा अर्ज केलाय. चौथ्या मशीनची जागा पट्टे मारून मोकळी ठेवलीय. भाऊ त्या जागेत बाइक लावतो.

---

उद्योगी_माणूस | २१ जून, रात्री ९:४८

शाब्बास. मी तरी घेतलं असतं, पण शाब्बास.

---

महापे_प्लॅनर | २१ जून, रात्री १०:०२

७४ सेकंदवाला फ्लँज वाढणार म्हणजे सरासरी ७०ची राहणार नाही. हिशेब परत करा. लेथचाही, फ्लँजला टर्निंग जास्त आहे.

---

रबाळेचा_गाळा | २१ जून, रात्री १०:०५

ताई... आज झोपू द्या.

---

दिवा_फास्ट | २१ जून, रात्री ११:५५

नाईट कधीपासून? आणि गेजवर बसवताय त्या मुलाला उंच स्टूल द्या, पाठ जाते.

---

रबाळेचा_गाळा | २२ जून, सकाळी ७:३०

नाईट फेब्रुवारीपासून, आधी एकाच मशीनवर. टेम्पो ट्रॅव्हलरवाल्याशी बोलतोय, कळवा-दिवा बाजूने. स्टूलचं डोक्यात नव्हतं, आजच आणतो. रात्री दोनला चहा देणारा मात्र अजून मिळत नाहीये. रबाळे स्टेशनच्या बाजूला कोणी माहीत असेल तर सांगा.